कळफलकावर चहा सांडला तर : चिकट झालेल्या कळांच्या सफाईचा पाठ

वापीहून सिल्वासाकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत प्रथम दादरा लागते. दादरा, डेमणी व तिघरा या तीन गावांचा हा लहानसा प्रदेश चहूबाजूंनी गुजरातने वेढलेला असून नगर हवेलीपासून वेगळा पडलेला आहे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा सर्व मुलूख भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश बनला. या अवधीत येथील माणसांची नावे प्रथम हाताने, पुढे टंकलेखन यंत्रावर व आता संगणकावर लिहिली जाऊ लागली. लेखणी बदलली, परंतु नाव अचूक लिहिले जावे ही अपेक्षा मात्र बदललेली नाही.

आजची लेखणी म्हणजे संगणकाचा कळफलक होय. ग्रामपंचायतीचे कार्यालय असो की शाळेतील संगणक कक्ष, कळफलक हाच संगणकाचा सर्वांत अधिक हाताळला जाणारा भाग असतो आणि चहाचा पेला बहुधा त्याच्याच शेजारी ठेवलेला असतो. समजा, पावसाळ्यातील एक दुपार आहे. शाळा उघडल्या आहेत आणि दाखल्यांसाठी लोकांची रांग लागली आहे. एवढ्यात कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागतो व अर्धा पेला चहा कळफलकावर सांडतो. घाईघाईने तो पुसून काम पुढे चालू केले जाते. दुसऱ्या दिवशी मात्र काही कळा दाबल्या जात नाहीत आणि दाबल्या गेल्या तर वर येत नाहीत. अशा वेळी काय करावे व काय करू नये, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

एक कळ अडल्याने काय बिघडते?

भारतीय भाषांसाठी शासनमान्य असलेली कळांची मांडणी ‘इन्स्क्रिप्ट’ या नावाने ओळखली जाते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती प्रमाणित केली व १९९१ साली तिचा भारतीय मानकात समावेश झाला. या मांडणीत स्वर, काना, मात्रा, वेलांट्या व उकार प्रामुख्याने डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे येतात. मराठी, हिंदी व गुजराती या तिन्ही भाषांसाठी कळांची जागा एकच असते. म्हणून पुढील विवेचन दादऱ्यातील गुजराती कामकाजास जितके लागू आहे, तितकेच तलासरीतील मराठी कामकाजासही लागू आहे.

इन्स्क्रिप्ट मांडणीत काना हा इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या कळेवर असतो. ही एक कळ अडली की ‘वारली’चे ‘वरली’ होते आणि ‘कोकणा’चे ‘कोकण’ होते. ‘शिफ्ट’ ही कळ दाबली गेली नाही तर ‘धोडिया’चे ‘दोडिया’, ‘काथोडी’चे ‘कातोडी’ आणि ‘खानवेल’चे ‘कानवेल’ होते. कारण ध, थ व ख ही अक्षरे शिफ्ट दाबूनच उमटतात. पाय मोडण्याची खूण ‘डी’ अक्षराच्या कळेवर असते. ती अडल्यास ‘धर्मा’ या नावाचे ‘धरमा’ होईल. शून्याची कळ चिकटून राहिली तर पाचशेचे पाच हजार होण्यास क्षणाचाही अवधी लागणार नाही.

वारली, कोकणा, धोडिया व काथोडी ही नावे या प्रदेशाच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील आहेत. दाखल्यावरील नाव आणि यादीतील नाव यांत एका कान्याचा फरक पडला तरी तो दुरुस्त करून घेण्यासाठी पालकाला एक दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा कार्यालयाची पायरी चढावी लागते. ज्याच्या हातून चहा सांडला, त्याला हे कळतही नाही. कळफलकाच्या सफाईचा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही, तो याच कारणाने.

कळफलकाची अंतर्रचना

कार्यालयांतून व शाळांतून आढळणारे बहुतेक कळफलक पापुद्र्यांच्या प्रकारचे असतात. वरची टोपी काढली की खाली रबराची एक लहानशी घुमटी दिसते. कळेला पुन्हा वर उचलण्याचे काम ही घुमटी करते. घुमट्यांच्या खाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर वीजवाहक शाईने रेषा काढलेल्या असतात. मधल्या पापुद्र्याला प्रत्येक कळेच्या जागी भोक असते. कळ दाबली की वरची रेषा त्या भोकातून खालच्या रेषेला टेकते व संगणकाला अक्षराची सूचना मिळते. बोट उचलताच संबंध तुटतो.

शंभराहून अधिक कळा असल्या तरी तितक्या स्वतंत्र तारा नसतात. मोजक्या आडव्या व उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक कळ म्हणजे या जाळीतील एक छेदबिंदू होय. एक रेषा तुटली तर तिच्यावरील अनेक कळा एकाच वेळी निकामी होतात. ही गोष्ट ध्यानी ठेवावी. दोष ओळखताना तिचा उपयोग होतो.

चिकटपणा कोठून येतो?

चहातील पाणी काही तासांत उडून जाते. साखर मात्र मागे उरते. पाणी कमी होत गेले की तिचा पाक बनतो आणि टोपीचा दांडा ज्या खोबणीत खालीवर सरकतो तेथे तो घट्ट बसतो. साखरेचा हा थर हवेतील ओलावा शोषून घेतो. म्हणून उन्हाळ्यात वरवर बरी वाटणारी कळ पहिल्या पावसाबरोबर पुन्हा चिकटू लागते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात हा अनुभव विशेष येतो. शिवाय साखरेमागोमाग मुंग्या येतात, आणि कळफलकाच्या पोटात त्यांना सुरक्षित घर मिळते.

दुधाच्या चहात साखरेबरोबर स्निग्धांश व प्रथिनेही असतात. ती नुसत्या पाण्याने निघत नाहीत. दमट हवेत त्यांना बुरशी धरते व वास येतो. बाटलीबंद शीतपेयांत साखरेच्या जोडीला आम्ल असते. शहाळ्याचे पाणी व ताक यांत क्षार असतात. क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे न दाबलेली कळही दाबल्यासारखी वागते. तसेच पापुद्र्यांवरील रेषा काळ्या पडून तुटतात. ताडीतही साखर असते, हे येथील वाचकांना सांगणे नलगे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. कळफलक ‘स्पिरिट’ने पुसावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. साधारण तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. शुद्ध अल्कोहोलात मात्र ती जवळजवळ विरघळत नाही. म्हणून साखर काढावी पाण्याने, आणि मागे राहिलेले पाणी घालवावे स्पिरिटने. हा क्रम उलटा केला तर चिकटपणा जागचा हलत नाही.

पहिली पाच मिनिटे

सांडलेला पदार्थ आत किती झिरपेल, हे पहिल्या काही मिनिटांत ठरते. त्या वेळी पुढील क्रमाने वागावे.

१. चहा विजेच्या बोर्डावर अथवा जोडपट्टीवर सांडला असल्यास कशालाही हात न लावता प्रथम मुख्य बटण बंद करावे. कळफलकाला केवळ पाच व्होल्ट दाबाची वीज मिळते, तिच्यापासून माणसास धोका नाही. जोडपट्टीत मात्र घरगुती दाबाची वीज असते.

२. कळफलकाची तार चपट्या यूएसबी खाचेत असल्यास ती ताबडतोब काढावी. गोल खाचेतील जुन्या पद्धतीची तार असल्यास संगणक रीतसर बंद केल्यावरच ती काढावी. बिनतारी कळफलक असल्यास त्याचे सेल काढावेत.

३. कळफलक तात्काळ पालथा धरावा व हलक्या हाताने झटकावा. जोरात आपटू नये.

४. संगणक चालू असल्यास अपुरे राहिलेले काम माउसच्या साहाय्याने जतन करावे.

५. वरचा ओलावा सुती कापडाने टिपून घ्यावा. कापड घासू नये. घासल्याने द्रव कळांच्या फटींत ढकलला जातो.

याच वेळी स्वच्छ पाण्याने ओलसर केलेले कापड फिरवले तर पुढील कष्ट निम्म्याने कमी होतात. साखर वाळण्यापूर्वी सहज निघते.

दोष कोणता, ते आधी ओळखावे

कळफलक उघडण्याची घाई करू नये. विंडोज प्रणालीत शिफ्ट ही कळ लागोपाठ पाच वेळा दाबली गेल्यास ‘स्टिकी कीज’ नावाची एक सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते. दोन कळा एका वेळी दाबणे ज्यांना शक्य नसते अशा व्यक्तींसाठी ती आहे. तसेच उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास ‘फिल्टर कीज’ ही सोय पुढे येते. ती चालू असता झटकन दाबलेली कळ संगणक मोजत नाही. या सोयी नकळत सुरू झाल्या तर कळा बिघडल्याचा भास होतो. त्या संगणकाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन बंद करता येतात. चहाचा थेंबही न सांडता कळा विचित्र वागू लागल्या असतील तर प्रथम येथे पाहावे.

खरा दोष असेल तर नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ एकेकदा दाबून तीन बाबी पाहाव्यात. कळ बोटाला जड लागते, पण अक्षर उमटते, असे असेल तर चिकटपणा टोपीत किंवा घुमटीत आहे. तो सहज काढता येतो. कळ हलकी आहे, परंतु अक्षर आपोआप अनेकदा उमटते, असे असेल तर पापुद्र्यांमध्ये ओल आहे. एकाच वेळी चारपाच कळा मुक्या झाल्या असतील तर जाळीतील एखादी रेषा तुटली असण्याचा संभव अधिक. तेथे सफाईचा उपयोग क्वचितच होतो.

सफाईचे साहित्य

स्वच्छ सुती कापड, मऊ दातघाशी, कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या, एक चाळणी, एक वाटी, कोमट पाणी, भांडी धुण्याचा सौम्य साबण, लहान पेचकस आणि छायाचित्र काढण्यापुरता मोबाइल फोन एवढे साहित्य पुरेसे आहे. याखेरीज दोन वस्तू विकत आणाव्यात. पहिली, बॅटरीत घालावयाचे ऊर्ध्वपातित पाणी; ते पेट्रोल पंपावर अथवा बॅटरीच्या दुकानात मिळते. बोअरच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर मागे राहतात, म्हणून आतील भागांसाठी हेच पाणी वापरावे. दुसरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे औषधांच्या दुकानात मिळते.

हात धुण्यासाठी मिळणारे सॅनिटायझर मात्र वापरू नये. २०२० पासून ते प्रत्येक कार्यालयात आढळते आणि हाताशी असल्यामुळे तेच वापरण्याचा मोह होतो. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते. अल्कोहोल उडून गेले तरी ग्लिसरीन मागे राहते आणि चिकटपणा वाढवते.

प्रत्यक्ष कृती

कळफलक संगणकापासून वेगळा केला आहे, याची खात्री करून मगच कामास सुरुवात करावी.

प्रथम कळफलकाचे वरून एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे. कळांची मांडणी आपल्याला पाठ आहे असे प्रत्येकास वाटते. टोप्या वाटीत पडल्यावर ती आठवत नाही. नंतर पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून टोपी एका बाजूने अलगद वर उचलावी. स्पेस, एन्टर व शिफ्ट या लांब कळांच्या खाली बहुधा तारेची कडी असते. ती वाकली तर कळ तिरकी बसते, म्हणून या टोप्या शक्यतो शेवटी व सावकाश काढाव्यात. फक्त दोनतीन कळाच चिकट असतील तर तेवढ्याच काढाव्यात. विनाकारण सर्व टोप्या काढू नयेत.

काढलेल्या टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात पंधरावीस मिनिटे भिजवाव्यात. पाणी उकळते नसावे. दांड्याची आतील बाजू दातघाशीने घासावी आणि टोप्या चाळणीत घेऊन धुवाव्यात. चाळणी नसल्यास एखादी टोपी मोरीतून वाहून जाते, आणि ती नेमकी कान्याची असू शकते.

आता टोपीखालची खोबण पाहावी. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून पिळलेली कापसाची काडी खोबणीच्या कडेने फिरवावी. काडी तांबूस होईल. ती टाकून नवी घ्यावी. काडी स्वच्छ निघेपर्यंत असे करावे. थेंब टपकेल इतके पाणी घेऊ नये. त्यानंतर त्याच जागी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेली काडी फिरवावी. उरलेले पाणी त्यात मिसळून लवकर उडून जाते. शाई अथवा शिक्क्याचा रंग सांडला असल्यास तोही बहुधा याने सुटतो.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. अनेक कार्यालयांत सकाळी उदबत्ती लावण्याची प्रथा आहे. ती विझल्यावर, खिडक्या उघडून मगच हे काम करावे. बाटली विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

एवढ्याने भागले नाही, म्हणजे पापुद्र्यांतच द्रव शिरला असेल, तर मागील सर्व पेच काढून कळफलक उघडावा लागतो. एखादा पेच चिठ्ठीखाली लपलेला असतो. उघडताना प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे. रबराच्या घुमट्यांचा थर साबणाच्या पाण्याने धुता येतो. पापुद्रे मात्र धुऊ नयेत; ते ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपावेत व नंतर किंचित अल्कोहोलने पुसावेत. रेषांवर दाब देऊन घासल्यास रेषाच निघून येतात. पापुद्रे एकमेकांस डिंकाने जोडलेले असतील तर ते ओढून वेगळे करण्याचा प्रयत्न करू नये.

वाळवण

सफाईपेक्षाही संयमाची खरी कसोटी येथे लागते. कळफलक पंख्याखाली अथवा वाऱ्याच्या जागी, सावलीत, उभा टेकून ठेवावा. उन्हाळ्यात एक पूर्ण दिवस व पावसाळ्यात दोन ते तीन दिवस थांबावे. कडक उन्हात ठेवल्यास किंवा गरम हवेच्या यंत्राने वाळवल्यास टोप्यांचे प्लास्टिक वाकते. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय ऐकिवात असतो. त्याने वाहत्या हवेपेक्षा अधिक काही साधत नाही, उलट तांदळाची पूड फटींत शिरते.

या काळात काम थांबवावे लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर कळफलकाचे चित्र आणून माउसने अक्षरे उमटवता येतात. हे काम संथ गतीने होते. परंतु रांगेतील एका माणसाचा दाखला तरी अडून राहत नाही. वाळल्यानंतर टोप्या छायाचित्र पाहून बसवाव्यात आणि नोटपॅडमध्ये सर्व कळांची पुन्हा परीक्षा घ्यावी. परीक्षेसाठी केवळ इंग्रजी अक्षरे पुरेशी नाहीत. ‘वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, खानवेल’ असे पाच शब्द लिहून पाहावेत. त्यात काना, मात्रा, वेलांट्या व शिफ्ट यांची पुरेशी तपासणी होते.

लॅपटॉपविषयी इशारा

वरील कृती सुट्या कळफलकासाठी आहे. लॅपटॉपमध्ये कळफलकाच्या लगेच खाली संगणकाचा मुख्य फलक व बॅटरी असते. त्यावर द्रव सांडल्यास बंद करण्याची कळ दाबून धरून तो ताबडतोब बंद करावा, विजेची तार काढावी आणि बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी. नंतर तो उघडा करून तंबूसारखा पालथा ठेवावा. ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी मध्येच सुरू करणे हे सर्वांत मोठे नुकसान करते. लॅपटॉपच्या टोप्यांखाली कात्रीच्या आकाराच्या नाजूक पट्ट्या असतात, त्या सहज मोडतात. यास्तव लॅपटॉप जाणकार दुरुस्तीकाराकडेच द्यावा व काय सांडले ते न लपवता सांगावे.

जुन्या सवयी

टंकलेखन यंत्राच्या काळात खिळे पेट्रोलने वा रॉकेलने घासण्याची व अडलेल्या दांड्यावर यंत्राचे तेल सोडण्याची पद्धत होती. लोखंडी यंत्रास ती योग्यच होती. कळफलकास मात्र हे तिन्ही पदार्थ वर्ज्य समजावेत. तेलावर धूळ बसते व रबर फुगते. पेट्रोल, थिनर व नखपॉलिश काढण्याचे द्रव्य यांनी प्लास्टिक विरघळते व अक्षरे पुसली जातात.

कार्यालयीन खबरदारी

शासकीय कळफलक उघडण्यापूर्वी तो हमीच्या मुदतीत किंवा वार्षिक देखभाल करारात आहे काय, हे पाहावे. असल्यास संबंधितांस कळवावे. सुटा कळफलक काही शे रुपयांत मिळतो. म्हणून एकदा सफाई करूनही कान्याची वा शून्याची कळ भरवशाची नसेल तर तो बदलण्याचा प्रस्ताव द्यावा. जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी व निरुपयोगी कळफलक कचऱ्यात अथवा भंगारात न टाकता ई-कचरा म्हणून नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय सवयीचा आहे. चहासाठी टेबलापासून हातभर दूर एक स्टूल ठेवावे आणि ते टेबलाहून ठेंगणे असावे. संध्याकाळी कळफलक पालथा करून झटकावा व त्यावर आच्छादन घालावे. कौलारू इमारतीत पावसाळ्यात हे अत्यावश्यक समजावे. चहा सांडल्यास ते लगेच सांगण्याची मोकळीक कनिष्ठ कर्मचाऱ्यास व विद्यार्थ्यास असावी. रागावण्याच्या भीतीने लपवलेला चहा रात्रभरात पाक होतो. लगेच सांगितलेला चहा पाच मिनिटांत पुसला जातो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक चमचा साखर पाण्यात व दुसरा चमचा अल्कोहोलात टाकून शिक्षकांनी प्रयोग करून दाखवावा. सफाईत प्रथम पाणी व नंतर अल्कोहोल का वापरावे, ते विद्यार्थ्यांनी लिहावे.

२. एकच कळ बिघडणे व पाच कळा एकदम बिघडणे, यांची कारणे वेगळी का असतात? कळांच्या जाळीची आकृती काढून स्पष्ट करा.

३. उन्हाळ्यात दुरुस्त वाटलेली कळ पावसाळ्यात पुन्हा का चिकटते?

४. आपल्या गावाचे व आपले स्वतःचे नाव लिहून पाहा. शिफ्टची कळ चालत नसेल तर त्यांत कोणता बदल होईल?

५. कळफलक वाळेपर्यंत आलेल्या माणसास परत न पाठवता त्याचे काम कसे करता येईल?